पेवाच्या तोंडावरचा कंदील

सातारा,
४ नोव्हेंबर १९९८

चि. कृष्णात यास,
अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या आईचा, हरणाबाईंचा गुडघा आता कसा आहे ते आठवणीनं कळव.

तुझं पाकीट दसऱ्यालाच पोचलं होतं. उत्तराला महिना लावला म्हणून कान पकडतो. दिवाळीत सईच्या सासरची मंडळी होती, मग ओवीला सर्दी झाली, तिची मला झाली. जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाल्यावर लेकीच्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत मोकळाच असतो, तरी कारणं कमी पडत नाहीत. नात सात वर्षांची आहे आणि दोन डोंगरांच्या मधोमध सूर्य काढते. बत्तीस पोरांचे कान मी ज्या सूर्यापायी पिरगाळले, तोच सूर्य. आजोबा झाल्यावर मास्तरकी चालत नाही, म्हणून 'छान' म्हणतो.

मिरजेत तुझ्या दुकानाशेजारी कॉम्प्युटरवर अक्षरं कापून देणारा आला आहे हे वाचून वाईट वाटलं. दवाखान्यांच्या पाट्या तू इतक्या निगुतीनं रंगवतोस. त्या चिकटवलेल्या अक्षरांना माणसाचा हात लागलेला नसतो, पण ते लोकांना कळायला वेळ लागेल. तोवर तग धर.

आता मुद्द्याचं. खडकपेठ नगरपालिकेला शंभर वर्षं होतात म्हणून शहराचं नवं बोधचिन्ह मागवलं आहे, हे तू पाठवलेल्या कात्रणावरून कळलं. बरं झालं. एक्क्याण्णव साली जुनं चिन्ह निवडणाऱ्या समितीत मीच होतो, तरी सांगतो, इतकं भयंकर चित्र मी पाचवीतल्या पोराकडूनही चालवून घेतलं नसतं. उगवता सूर्य, उसाची दोन कांडी, कारखान्याचं दातेरी चाक, उघडं पुस्तक. एवढ्यावर भागलं असतं, पण शेवटच्या बैठकीत सुभेदार लालासाहेब उठले. "आवं, घरटी एक माणूस मिल्ट्रीत हाय आमच्या गावात. आन् चित्रात आमी कुटंच न्हाई व्हय?" मग बंदूक आली. जागा नव्हती म्हणून ती पुस्तकाला टेकवून ठेवली. पाणीपट्टीच्या नोटिशीवर ते चिन्ह छापलं की कागदावर चटणी सांडली आहे असं वाटतं. नोटीस झटकणारा एक म्हातारा मी स्वतः पाहिला आहे.

एक्क्याण्णवच्या स्पर्धेला दिलेलं तुझं चित्र पुन्हा पाहिलं. सात वर्षांत तू त्यात एक रेघ वाढवली नाहीस आणि कमीही केली नाहीस. काळा गोल, वरून आलेली दोरी आणि दोरीला कंदील, बस्स. ओवीनं विचारलं, "आजोबा, हे काय?" मी तिला सांगितलं की आमच्या गावात नदीकाठी जमिनीत खोल पेवं खणलेली आहेत. तोंड अरुंद, आत ऐसपैस खोली. त्यात हळद भरून तोंड दगडमातीनं लिंपून टाकतात, वर्षानुवर्षं कीड लागत नाही. पेव उघडलं की आतली हवा माणसाला मारक असते, म्हणून आधी दोरीनं कंदील सोडायचा. जळत राहिला तर हमाल उतरतो. विझला तर थांबायचं. "आणि कोणी थांबलंच नाही तर?" असं तिनं विचारलं. मी तिला दूध प्यायला आत पाठवलं.

चित्र जरूर पाठव. माझं म्हणणं फक्त सोबतच्या टिपेबद्दल आहे. पन्नास शब्दांत चिन्हाचा अर्थ सांगायचा असतो आणि तू सुरुवातच अशी केली आहेस: 'माझे वडील जोतीराम हे दिवा न सोडता पेवात उतरले व गेले. तशी चूक पुन्हा कोणाच्या हातून होऊ नये म्हणून हे चिन्ह.' हे वाक्य गाळावं असं मला वाटतं. नगरपालिकेच्या कागदावर घरचं दुःख कशाला? समितीच्या लोकांना असलं काही रुचत नाही. मागच्या वेळी समितीचे अध्यक्ष बाळासो यांना तो खड्डाच अशुभ वाटला होता. ते आता गेले, जास्त लिहीत नाही. मी पुष्कळ भांडलो, पण एकट्याचं कोण ऐकतं?

दुसऱ्या कागदावर मी नवी टीप करून दिली आहे. तिच्यात पेवं आहेत, हळद आहे, सावधपणा आहे, सगळं आहे. ती तुझ्या अक्षरात उतरवून काढ म्हणजे झालं.

आईंना नमस्कार.

तुझा,
देवदत्त सर



मिरज,
१२ नोव्हेंबर १९९८

आदरणीय सर,
कृष्णातचा शिरसाष्टांग नमस्कार. आईचा गुडघा थंडीत जरा धरतो, बाकी ठीक.

तुमची टीप मिळाली. तुमचं अक्षर बघूनच बरं वाटलं. पण सर, रागावू नका, मी ती उतरवून काढणार नाही. तुम्ही म्हणता पहिलं वाक्य गाळ. त्या वाक्यासाठीच तर चित्र काढलंय. ते गेलं तर मागं राहिलेला कंदील कुणाच्याही घरचा होईल.

दोन्ही टिपा आईला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "मास्तरांची झ्याक हाय. पर तुज्या बानं केलं त्ये झाकून काय व्हनार हाय? चुकला म्हून सांग की. मागनं येनारी तरी शानी व्हतील." तुम्हाला माहीत नसेल, दर वर्षी म्हाळाला ती पान वाढते, बाहेर नेऊन ठेवते आणि कावळ्याची वाट बघत वडलांना एकच विचारते, "आवं, येवडी वर्सं पेवात उतरलासा. त्या दिशी दिवा का सोडला न्हाईसा?" यंदाही विचारलं. कावळा लवकर आला नाही, तर माझ्यावरच ओरडली, "बापासारका उतावळा हाईस, जरा मागं सर की."

मी चौथीत होतो तेव्हा. वडील गेल्यावर आम्ही आष्ट्याला मामाकडं राहायला गेलो. तिथं गोष्ट आमच्या आधी पोचली होती. शाळेत पोरं मला 'बिनदिव्याचा' म्हणायची. पुढं हायस्कूलला खडकपेठेत परत आलो आणि तुम्ही भेटलात. रंगपेटी दिली, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवलं, रविवारी काकूंच्या हातचं जेवायला बोलवलं. तुमच्या वर्गात मला कुणी बिनदिव्याचा म्हणालं नाही. तुम्हीच शिकवलंत की जे दिसतं ते काढायचं, जे असावंसं वाटतं ते नाही. मग वडलांच्या बाबतीत मी खोटं कसं लिहू? चुकले म्हणून ते काय माझे वडील नाहीत?

आता एक मागणं आहे. ह्या वेळच्या नियमात असं आहे की टिपेत गावातल्या घटनेचा उल्लेख असेल, तर तो खरा असल्याबद्दल गावातल्या जाणत्या माणसाची सही पाहिजे. तुमच्याइतकं जाणतं मला कोण आहे? टीप परत पाठवतोय. खाली 'वरील मजकूर खरा आहे' असं लिहून सही करा. शेवटची तारीख तीस आहे.

सईताईंना नमस्कार, ओवीला गोड पापा.

तुमचा विद्यार्थी,
कृष्णात



सातारा,
१८ नोव्हेंबर १९९८

कृष्णात,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. पत्र वाचून झाल्यावर तुला हवासा वाटला तर दिला आहे असं समज.

तुझी टीप चार दिवस टेबलावर पडून आहे. सईनं दोनदा विचारलं, "बाबा, सही करून टाका ना, बिचारा थांबला असेल." पेन उघडून बसलो आणि बंद केलं. त्या मजकुराखाली मी सही करू शकत नाही. तो खरा नाही. तू खोटं लिहितोस असं नव्हे रे. तुला, तुझ्या आईला, सगळ्या गावाला जे सांगितलं गेलं तेच खोटं होतं. आणि त्याच्याखाली माझी एक सही चोवीस वर्षांपूर्वीच होऊन बसली आहे.

ऑगस्ट चौऱ्याहत्तर. मी चौतीस वर्षांचा होतो. तरुणपणी सिनेमाची पोस्टरं रंगवली, मास्तरकी उशिरा मिळाली, तीही हंगामी. तिसरं वर्ष चालू होतं. शाळेच्या संस्थेचे अध्यक्षही तेव्हा बाळासोच होते, हळदीचे मोठे अडते, आणि मला कायम करायचा कागद त्यांच्याकडे होता. त्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला हवालदार आला. "बाळासोंच्या पेवावर मानूस गेलाय. पंचनाम्याला दोन पंच पायजेत. चला मास्तर." सरकारी कामाला पंच म्हणून मास्तर आणि दुकानदार धरून न्यायची पद्धतच आहे. एक पंच किराणा दुकानदार होता, तो आता नाही. दुसरा मी.

जोतीरामना तोवर वर काढून घोंगडीवर निजवलं होतं. मी पेवाच्या तोंडाशी उभा राहिलो. शेजारी मेख ठोकलेली होती, तिला दोरी बांधलेली होती आणि दोरी ताणून आत गेलेली होती. मी वाकून पाहिलं. दीडेक पुरुष खोलीवर कंदील लटकत होता, विझलेला. काचेवर एका बाजूनं काजळी धरली होती. मी चित्रकलेचा मास्तर आहे, कृष्णात. काजळी कुठल्या बाजूला होती हे मी आजही काढून दाखवीन.

हवालदार तिकडे घोंगडीपाशी लिहीत बसला होता. एवढ्यात बाळासोंच्या दुकानाचे दिवाणजी आले, माझ्याकडे न बघता त्यांनी दोरी सोडली, कंदील वर ओढला, दोरी हातावर गुंडाळली आणि दोन्ही घेऊन ते पेवाशेजारच्या छपरात गेले. रिकाम्या हातांनी बाहेर येऊन दार लावलं. मी बघत राहिलो.

मग मजकूर वाचून दाखवला गेला. 'जागेवर दिवा, कंदील वा दोर मिळून आला नाही. मयत हा दिवा न सोडता स्वतःच्या निष्काळजीपणाने उतरला.' मी म्हटलं, "अहो, पण कंदील..." हवालदारानं मान वर केली. "कुटं हाय? दिसत आसंल तर दावा की मास्तर." दिवाणजी माझ्याकडे बघत होते. छपराचं दार मला दिसत होतं, पंधरा पावलांवर. मी म्हटलं, "नाही, मला वाटलं." आणि सही केली.

तिसऱ्या दिवशी तुझ्या वडलांच्या जोडीला उतरणारा म्हातारा हमाल मला रस्त्यात भेटला. त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "जोतीरामनं दिवा सोडला हुता. इझला. त्यो म्हनला, दुपारपातूर पेव उगडं ठिवू. दिवाणजी म्हनलं, वाऱ्यानं इझला आसंल, ट्रक खोळांबल्यात, उतर. दोनदा न्हाई म्हनला त्यो. तिसऱ्यांदा उतरला." मी विचारलं, हे हरणाबाईंना का सांगत नाहीस? तो म्हणाला, "तुमी सही केलीसा मास्तर. आता माजं कोन ऐकंल?" दोन वर्षांत तोही वारला.

पुढच्या जूनमध्ये मी कायम झालो. तो कागद हातात घेतल्यावर मला काही लाज वाटली नाही, आनंदच झाला. लाज नंतर आली, तू माझ्या वर्गात येऊन बसलास तेव्हा. हजेरी घेताना 'कृष्णात जोतीराम' असं म्हणायचं होतं आणि माझी जीभ अडखळली. पोरं हसली. तू म्हणालास, "हजर." रंगपेटी त्या आठवड्यात आणली. तू ती मायेची समजलास. माया होती रे, नंतर खरंच लागली, पण पहिली पेटी मायेची नव्हती. तुझ्या काकूंना मी सगळं सांगितलं होतं. तू जेवून गेलास की प्रत्येक रविवारी ती म्हणायची, "आज सांगितलंत?" देवाघरी जाईपर्यंत विचारत होती.

आणखी एक राहिलं आहे. मागच्या पत्रात मी बाळासोंवर ढकललं, तेही खोटं आहे. मेलेला माणूस भांडायला येत नाही म्हणून ढकललं.

एक्क्याण्णव साली तुझं चित्र समोर ठेवलं तेव्हा मला वाटलं, आता बाळासो उठून जातील. तर ते खूश! चित्र हातात घेऊन म्हणाले, "ह्यो आपल्या गावचा कंदील! आमच्या आबांच्या वक्तापास्नं बघतूय. हेच घ्या, लय ब्येस हाय." त्यांना काही आठवतच नव्हतं, कृष्णात. ज्यांच्या पेवात माणूस गेला ते साफ विसरून गेले होते, आणि सही करणारा मी तेवढा घामानं भिजलो होतो. मुलींच्या शाळेच्या राजेश्वरीबाईंनाही तुझंच चित्र आवडलं. लालासाहेब आणि कारखान्याचे एक संचालक दुसऱ्या बाजूला. दोन विरुद्ध दोन. पाचवं मत माझं. मी सचिव होतो, सोबतच्या टिपा वाचून दाखवायचं काम माझं होतं. तुझी टीप मी वाचलीच नाही. खिशात घातली. आणि हात वर केला तो उसाला, चाकाला आणि त्या बंदुकीला.

का, ते सांगतो. तो कंदील पाण्याच्या टँकरवर, घरपट्टीच्या पावतीवर, दवाखान्याच्या दारावर, गावात जिथे जाईन तिथे मला दिसला असता. मला तो बघवला नसता. एवढंच कारण. गावाचं चिन्ह मी माझ्या डोळ्यांच्या सोयीनं निवडलं. सात वर्षं गाव त्या चटणीला हसतं आहे आणि मीही त्यांच्याबरोबर हसतो. तुला पत्रात लिहून हसवायला बघितलं, तेव्हा तर कमाल केली.

तू म्हणतोस, जे दिसतं ते काढायचं हे सर तुम्ही शिकवलंत. हो, शिकवलं. वीस-बावीस वर्षं, प्रत्येक वर्गाला, पहिल्याच तासाला. पोरांना काय ठाऊक, मी कोणाला बजावतो आहे ते.

आता कामाचं. तुझी टीप परत पाठवतो आहे, पहिल्या वाक्यावर मी काट मारली आहे. त्याच्या जागी काय लिहायचं ते तू ठरव, मला आता टिपा करून देण्याचा अधिकार नाही. सोबत वेगळा कागद आहे. काल इथल्या कोर्टात वकिलासमोर प्रतिज्ञापत्र केलं. मी काय पाहिलं, कुठे उभा होतो, कंदील कोणी नेला, मी कशावर सही केली, सगळं आहे. एक प्रत नगरपालिकेला रजिस्टरनं गेली आहे. त्यातून आता कोणाचं काही होईल असं नाही. दिवाणजीही गेले, हवालदारही गेला असेल. शिक्षा भोगायला उरलो आहे तो मीच, तेव्हा तू जी देशील ती घेईन. दुकानात ये म्हणालास तर येईन, तोंड दाखवू नका म्हणालास तर दाखवणार नाही.

सईला रात्री सांगितलं.  सकाळी तिनं चहा दिला, पण 'बाबा' म्हणाली नाही.

एकच विनंती. हे पत्र आईंना तू स्वतः वाचून दाखव, दुसऱ्या कोणाकडून नको. जरा सावकाश वाच. त्या माउलीनं चोवीस वर्षं नवऱ्याचं पान वाढताना त्याला बोल लावला आहे, आणि तो बोल माझा होता. मला शिव्या दिल्या तर देऊ दे, मध्ये पडू नकोस. पण आधी त्यांना सांग, की त्या दर वर्षी जे विचारतात त्याचं उत्तर मास्तरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणावं, त्यांनी दिवा सोडला होता. विझला, म्हणून ते थांबा म्हणाले होते. दोनदा म्हणाले होते.

देवदत्त